चेन्नईतला खांब आणि न सापडलेला ग्रह

चेन्नईला गेलात की मरीना बीच आणि कपालीश्वर मंदिर तुम्ही पाहालच. पण थोडा वेळ काढून नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडवरही जा. तिथे हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. सरकारी आवार, तेव्हा फाटकावर विचारूनच आत जायचं. आत ग्रॅनाइटचा एक जाडजूड खांब उभा आहे. 1792च्या मद्रास वेधशाळेची ही खूण. दुर्बीण जराही हलू नये म्हणून ती या खांबावर बसवली होती. त्यावर लॅटिनबरोबर तमिळ आणि तेलुगूतही मजकूर कोरलाय. आशियात गणिती शास्त्रं ब्रिटिशांनी रुजवली, हे हजार वर्षांनंतरही लोकांना कळावं, असा त्याचा आशय! (भास्कराचार्यांनी वाचलं असतं तर हसले असते.)

याच वेधशाळेचे प्रमुख होते कॅप्टन विल्यम जेकब. भुजंगधारी तारकासमूहात ‘70 ऑफियुकी’ ही ताऱ्यांची जोडी आहे. दोघे एकमेकांभोवती सुमारे 88 वर्षांत फेरी पूर्ण करतात. पण गणिताने सांगितलेल्या जागी ते नेमके सापडत नाहीत, असं जेकबना दिसलं. युरेनसच्या अशाच चुकार चालीवरून 1846मध्ये नेपच्यून सापडला होता. मग इथेही एखादा न दिसणारा ग्रह ताऱ्याला ओढत असेल का? असावा, असं जेकबनी 1855मध्ये लिहिलं. दुसऱ्या सूर्याच्या ग्रहाबद्दलच्या अगदी सुरुवातीच्या दाव्यांपैकी हा एक, आणि तो चक्क मद्रासहून!

दावा टिकला नाही. पण ताऱ्याच्या डगमगण्यातून ग्रह ओळखायचा, ही कल्पना खोटी नव्हती. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला खात्रीचा ग्रह 1995मध्ये असाच, ताऱ्याचं डुलणं मोजून सापडला. फक्त त्यासाठी लागणारी बारीक मोजमापं जेकबच्या हाती नव्हती. आज असे परके ग्रह सहा हजारांच्या आसपास आहेत.

आणि हे जेकब आपल्या पुण्याचेही बरं का! मद्रासला जाण्याआधी, 1842मध्ये, त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली होती. जोडताऱ्यांचा नाद तिथलाच. पुढे पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायचा बेत घेऊन 1862च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडहून मुंबईला उतरले, आणि आठच दिवसांत पुण्यात वारले.

मे-जूनच्या रात्री, गावाकडच्या अंधारात, वृश्चिकाच्या उत्तरेला भुजंगधारी शोधा. ‘70 ऑफियुकी’ नुसत्या डोळ्यांनीही मंदसा दिसतो. तिथे ग्रह अजून सापडलेला नाही.