एकाच स्फटिकाचं ऐकायचं

क्लॉकमधला दोष तबल्यात लपतो आणि तंबोऱ्यात उघडा पडतो. बोलांच्या गर्दीत एखादी बारीकशी टिक मिसळून गेली तर भल्याभल्यांना कळत नाही. पण छान जुळलेल्या तंबोऱ्याच्या सलग नादात तीच टिक कानाला ताबडतोब टोचते. म्हणून स्टुडिओत डिजिटल यंत्रांची नवी जोडणी झाली की मी पहिल्यांदा तंबोरा मागतो. पंधरा-वीस मिनिटं नुसता तंबोरा रेकॉर्ड करायचा आणि हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये उडी मारून पुढे जायचं नाही.

ही टिक येते कुठून? ४८ किलोहर्ट्झवर यंत्र आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतं आणि ती गती, म्हणजेच क्लॉक, ठरवतो आतला क्वार्ट्झचा स्फटिक. प्रत्येक पेटीत असा एक स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत २० भागांचा फरक असेल, तर सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त होतो किंवा कमी पडतो. जास्तीचा नमुना घेणारं यंत्र टाकून देतं, कमी पडला तर आधीचाच पुन्हा वापरतं. तिथे लहर तुटते आणि टिक ऐकू येते. फरक ५ भागांचाच असेल तर साधारण चार सेकंदांनी एकदा. इतक्या विरळ टिकेवर लोक माइकची केबल बदलतात, कॉम्प्युटर फॉरमॅट करतात, प्लगइनला दोष देतात. क्लॉककडे लक्ष जातं ते सगळ्यांत शेवटी.

मैफलीत दोन स्वतंत्र रेकॉर्डर लावले की हाच फरक वेगळ्या रूपात भेटतो. टिक येत नाही, पण २० भागांच्या फरकाने तासाभरात दोन्ही फाइल ७२ मिलिसेकंदांनी सरकतात. पहिल्या बडा ख्यालात गळा एकजीव ऐकू येतो आणि भैरवीपर्यंत त्याला स्वतःचाच पडसाद जोडला जातो.

आजच्या छोट्या स्टुडिओत नेहमीची जोडणी म्हणजे एक ऑडिओ इंटरफेस आणि त्याला ऑप्टिकल केबलने, एडॅट पद्धतीने, जोडलेला आठ चॅनेलचा प्रीअँप. वायरीला हात लावण्याआधी मी कागद घेतो. प्रत्येक यंत्राचा चौकोन काढतो आणि क्लॉक कुठून कुठे जाणार त्याचे बाण काढतो. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही असा चौकोन एकच उरला पाहिजे. तो मुख्य. बाकीच्यांनी आपला स्फटिक बाजूला ठेवून त्याचं ऐकायचं. तबल्याच्या सोलोत लेहरा धरणाऱ्याचं जे काम, तेच याचं.

मुख्य कोणाला करायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्या कन्व्हर्टरमधून गायकाचा माइक आत येतो, त्याला. त्याचा स्फटिक चिपच्या शेजारीच बसवलेला असतो. बाहेरून क्लॉक घ्यायचं म्हटलं की ते केबलमधून येणार, मग आतल्या सर्किटने त्याच्या मागोमाग आपली गती जुळवायची. त्या प्रवासात ठोक्यांना सूक्ष्म कंप सुटतो, त्याला आम्ही जिटर म्हणतो. जिटर नडतो तो आवाजाचे आकडे होताना आणि आकड्यांचा आवाज होताना. फाइलमध्ये एकदा बसलेल्या आकड्यांना तो काही करू शकत नाही. प्रीअँपला क्लॉक घ्यायची सोयच नसेल तर मात्र इलाज नाही, मग तोच मुख्य आणि इंटरफेस त्याच्यामागे.

महागडं मास्टर क्लॉक घेतल्याने आवाज ‘उघडतो’, असं दुकानात सांगतात. यंत्रं पुष्कळ असतील किंवा व्हिडिओशी मेळ घालायचा असेल तर ते जरूर घ्यावं. दोन पेट्यांच्या स्टुडिओने तेच पैसे खोलीच्या भिंतींवर आणि एका चांगल्या माइकवर घालावेत.

फक्त क्लॉकचे ठोके नेणारी वर्ड क्लॉकची केबल हा स्वतंत्र विषय आहे. लॅमिंग्टन रोडवर बीएनसी केबल मागितली की हातात येणारी ७५ ओहमची असेलच असं नाही. ५० ओहमची आरजी-५८ आणि ७५ ओहमची आरजी-५९ नवख्याला लांबून सारख्याच दिसतात, म्हणून आवरणावरची बारीक छपाई उजेडात धरून वाचावी लागते. वर्ड क्लॉकला आरजी-५९ हवी. एकातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी टी जोडत नेली, तर शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचं टर्मिनेशन हवं, आणि फक्त तिथेच. ते नसलं की ठोका टोकाला आपटून मागे फिरतो, येणाऱ्या ठोक्यांत मिसळतो आणि त्यांची कड बिघडवतो. घेणारं यंत्र त्या कडेवरच वेळ मोजत असतं. उलट दोन ठिकाणी टर्मिनेशन झालं तर ठोक्याची उंची घटते. काही यंत्रांत टर्मिनेशन आतच असतं, काहींत मागे बटण असतं. मॅन्युअलचं ते पान वाचल्याशिवाय टर्मिनेटर लावू नये.

मग दिवा पाहायचा. माझ्या आरएमईच्या इंटरफेसवर आलेला सिग्नल नुसता पकडला गेला की दिवा लुकलुकतो आणि तो मुख्य क्लॉकशी खरोखर जुळला की स्थिर होतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावरही आवाज व्यवस्थित येतो, मीटर हलतात, म्हणून घाईत बरेच जण तिथेच थांबतात. पण लॉक आणि सिंक यांतलं अंतर म्हणजेच ती तंबोऱ्यातली टिक.

सँपल रेट मात्र सगळीकडे एकच ठेवावा लागतो. ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत आणि एका रेषेत तीन नमुने बसवत: अमेरिकी पद्धतीत २४५ रेषा गुणिले ६०, आपल्याकडच्या युरोपीय पद्धतीत २९४ रेषा गुणिले ५०. तिनाने गुणलं की दोन्हीकडे ४४,१०० येतात. ४८,००० शी त्याचा सोपा भागाकार जमत नाही, म्हणून कित्येक पेट्यांत दोन स्फटिक असतात, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे. ४८ ची फाइल ४४.१ ची समजून वाजली तर काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी एकच्याही खाली उतरते आणि दहा मिनिटांचा ख्याल जवळपास अकरा मिनिटांचा होतो. बाईंचा गळा जड झाला, असं ऐकणाऱ्याला वाटतं. गायिकेवर असा अन्याय होऊ नये म्हणून मी प्रत्येक फाइलच्या नावातच रेट लिहितो.

एवढी खबरदारी कशासाठी, असं शिकायला येणारी मुलं विचारतात. विलंबित एकतालात गायिका समेच्या किंचित अलीकडे रेंगाळते आणि मग अलगद समेवर उतरते. ते रेंगाळणं किती, हे तिचं तिनं ठरवलेलं असतं. आमच्या ठोक्यांची चौकट जागची हलली नाही, तरच ते जसंच्या तसं पोचतं.

आता दान्तेसारखी नेटवर्कवर चालणारी यंत्रणा स्टुडिओत आली आहे. तिच्यात आवाज आणि क्लॉक एकाच इथरनेट केबलने जातात, बीएनसीची टी नाही की टर्मिनेटर नाही. यंत्रं आपसांत नेता निवडतात आणि नेता बंद पडला तर दुसरा आपोआप उभा राहतो. सोय मोठी आहे, पण ही निवड मी त्यांच्यावर सोपवत नाही. कंट्रोलर उघडून माइकच्या कन्व्हर्टरसमोर नेतेपदाच्या पसंतीची खूण करतो, बाकी सगळ्यांच्या काढल्यात ना ते पाहतो आणि तंबोरा लावायला सांगतो.