खोक्याचे झाकण आणि आमची दप्तरे

समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याच्या खेळाशी आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. आम्हीही तेच म्हटले होते.

आम्ही दोघे नवरा-बायको उल्हासनगरजवळच्या एका वस्तीत शाळेची दप्तरे शिवतो. पुढच्या खोलीत धंदा, मागच्या खोलीत संसार. आमच्या धंद्याला वर्षातून एकच भरती येते, ती जूनची. मार्चपासून शिवायचे, जूनमध्ये विकायचे आणि त्या पैशांवर दिवाळीपर्यंत तग धरायचा.

2020 साली ती भरती आलीच नाही. रेक्झिन, चेन, अस्तर सगळे उधारीवर आणून ठेवले होते. टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या, माल माळ्यावर गेला. गल्लीतल्या शिंप्यांनी एप्रिलमध्येच मास्क शिवायला घेतले. आम्ही मात्र आज ना उद्या शाळा उघडतील म्हणत बसून राहिलो. जुलैमध्ये शहाणपण सुचले, तेव्हा लग्नातल्या पाटल्या गहाण ठेवून सुती कापड आणले. तोवर घरोघरी मास्क शिवले जात होते. सुरुवातीला 20 रुपयांना जाणारा मास्क आमच्याकडून 6 रुपयांनाही कोणी घेईना. पाटल्यांवरून त्या रात्री आमच्यात काय बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षीही शाळा बंदच. जुलै 2021 मध्ये एके दिवशी आम्ही जुन्या मालाच्या चेन उसवून वेगळ्या करत होतो. मुलगा ओरडला, "आई, पप्पा, इकडे या, हे बघा!" टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदाच आले होते आणि 27 जुलैला त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर पुरुषांचा अंतिम सामना होता. वादळामुळे समुद्र खवळलेला. एका बाजूला जपानचा कानोआ इगाराशी, दुसऱ्या बाजूला ब्राझीलचा इतालो फेरेरा.

मुलाने सांगितले, "पप्पा, या फेरेराचे वडील मासे विकायचे." ब्राझीलच्या ईशान्येकडील बाइया फोर्मोझा गावचा हा पोरगा. मासे बर्फात ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्याचे झाकण घेऊन तो लाटांवर खेळायला शिकला. हे ऐकले आणि आम्ही हातातली कात्री खाली ठेवली.

सामन्याच्या सुरुवातीलाच त्याची फळी मोडली. आम्हाला वाटले, संपले. पण गड्याने दुसरी फळी घेतली आणि परत पाण्यात शिरला. शेवटी त्याचे गुण 15.14, समोरच्याचे 6.60. ऑलिम्पिकमधले पुरुषांच्या सर्फिंगचे पहिले सुवर्णपदक मासेविक्याच्या पोराने नेले.

त्यानंतर मुलाला नादच लागला. तो आम्हाला मोबाईलवर या खेळातल्या बारीकसारीक गोष्टी दाखवू लागला. आम्हाला वाटायचे, हे लोक सारखे लाटेवरच असतात. तसे नाही. त्यांचा बराचसा वेळ फळीवर बसून समुद्राकडे बघण्यात जातो. लांबवर पाणी फुगताना दिसले की माणूस पालथा होऊन दोन्ही हातांनी वल्हवू लागतो. लाट जवळ येण्याआधी फळीला वेग आलेला असावा लागतो. उशीर झाला तर लाट खालून निघून जाते आणि माणूस तिथल्या तिथे राहतो. हे बघताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही डोळ्यांपुढे तेच मास्कचे कापड होते.

आणखी एक रीत आहे. लाट जिथे फुटू लागते, त्याच्या सर्वात जवळ जो असेल त्याची ती लाट. दुसऱ्याने मध्ये घुसायचे नाही, घुसला तर दोघेही जखमी व्हायचे. आमच्या बाजारात ही रीत कोणी पाळत नाही. शेजाऱ्याचे गिऱ्हाईक फोडायला 5 रुपये कमी सांगणारे आम्हीही होतो, कबूल करतो.

मात्र सगळेच धंद्याला लागू पडत नाही. स्पर्धेत खेळाडूच्या सर्वात चांगल्या दोन लाटांचेच गुण धरतात. बाकी किती वेळा पडला, ते कोणी मोजत नाही. आमचा सावकार प्रत्येक पडणे मोजतो, वर व्याजही लावतो. म्हणून पडायचेच असेल तर कमी पाण्यात पडावे, एवढे आम्ही आमच्यापुरते ठरवले. नवा नमुना आता आधी 20 नग शिवून बघतो. पूर्वी एकदम 200 कापायचो.

मुलाने अमेरिकेतली एक हकिगत वाचून दाखवली, ती आम्हाला फार लागली. तिथे फळ्यांचा फेसासारखा हलका गाभा बहुतेक कारागीर एकाच कारखान्याकडून घ्यायचे, कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोमकडून. 5 डिसेंबर 2005 रोजी मालकाने अचानक कारखाना बंद केला. हातात कला असलेले कारागीर मालाविना अडले. मग त्यांना दुसरीकडून गाभा मिळवावा लागला, दुसरे साहित्य वापरून बघावे लागले. आमचेही तसेच होते. आमचा सगळा माल एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. टाळेबंदीत त्याने फोन उचलणे बंद केले. आता तीन ठिकाणी माल देतो. त्यातले एक वस्तीतलेच दुकान आहे, घेते थोडे, पण पैसे रोख देते.

जून 2022 मध्ये शाळा नेहमीसारख्या उघडल्या. त्या वर्षी आम्ही जानेवारीतच कापायला बसलो होतो. घरात भांडण झालेच, "पुन्हा शाळा बंद झाल्या तर?" म्हणून. खरे तर त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. निम्मेच कापायचे, यावर तडजोड झाली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या मशीनची मोटार जळाली. 80 नग द्यायचे बाकी होते. दुरुस्तीवाला म्हणाला, चार दिवस लागतील. कोपऱ्यात जुनी पायाची मशीन होती. आदल्या दिवाळीत ती भंगारवाल्याला देणार होतो, तर मुलाने देऊ दिली नव्हती. "पप्पा, ही आपली दुसरी फळी आहे," असे म्हणून हसला होता. तिच्यावर आम्ही आळीपाळीने रात्री दोनपर्यंत पाय मारले. पोटऱ्या सुजल्या, पण माल वेळेवर गेला.

त्या हंगामानंतर एक पाटली सुटली. दुसरी 2023 च्या जूननंतर. मास्कचे कापड अजून उरले आहे. त्याचे तुकडे करून आम्ही दोन्ही मशीनचे तेल पुसतो.