चैत्रातलं पाणी

रामनवमीला पोहरादेवीत लाखोंची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला देशभरातून बंजारा समाज येतो. मानोरा तालुक्यातलं हे छोटं गाव त्या दिवसांत शहर होतं, आणि नेमक्या त्याच चैत्रात विहिरींचं पाणी तळाकडे सरकलेलं असतं. म्हणून इथे बोअर घेणाऱ्याने ‘पाणी लागेल का’ एवढंच विचारून भागत नाही. चैत्रात किती उरेल, हे विचारायला हवं.

पाणाड्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा ठरली. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखायच्या खुणा नोंदवल्या, त्यामागे निरीक्षण तरी होतं. नारळामागे तेही नाही. पावसाळ्यानंतर मुरमात बहुतेक ठिकाणी थोडंफार पाणी असतंच, त्यामुळे पाणाड्याचं नाव होतं. वैशाखात बोअर आटतं, तेव्हा दोष नशिबाला जातो.

इथे पायाखाली आहे काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. अखंड दगडात पाणी मावत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. सच्छिद्र मांजऱ्या खडक कुजलेला असेल तर पाणी धरतो. त्याची भोकं पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतील तर फारसं नाही.

माझ्या मते पहिलं काम म्हणजे शेजारच्या विहिरींत डोकावणं. मुरूम किती जाड, झरे किती फुटांवर, मे अखेर पाणी किती? हे सारं तिथे फुकट कळतं. मग जमिनीचा उतार पाहायचा. टेकाडापेक्षा ओढ्याकडचा खोलगट भाग बरा. यंत्र त्यानंतर. चार खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडतात. ओला मुरूम ती सहज जाऊ देतो, कोरडा पाषाण अडवतो. पण लाल गेरूचा थरही वीज जाऊ देतो, आणि पाणी मात्र जेमतेम देतो. विहिरींशी ताडून न पाहिलेला आकडा म्हणूनच फसवतो.

पाणी लागलं की ‘दोन इंच’, ‘चार इंच’ अशी बोली होते. नव्वद अंशांच्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली तर दोन इंच म्हणजे तासाला सुमारे २,९०० लिटर. चार इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त!

नाही लागलं की गाडीवाला म्हणतो, अजून शंभर फूट जाऊ. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेती वा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, खाली अखंड पाषाण असेल तर खर्चच खोल जातो.

बोअर झाल्यावर खरी तपासणी चैत्रातच करावी: काही तास सलग उपसा करायचा, पंप थांबवायचा आणि पाणी पहिल्या पातळीवर यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहायचं.