खडखड

माणूस आजारी पडो की मोटार, निदान करायला शेजारी सदैव सिद्ध! वडिलांच्या माघारी राहिलेली जुनी डिझेल मोटार खडखडू लागताच त्यांनी निकाल दिला : ‘इंजिन गेले; भंगारात काढा.’ माझ्या काळजात धस्स झाले.

म्हातारे मिस्त्री मात्र घाई करीनात. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका नोझलच्या नळीचा नट सैल केला. तिसऱ्या सिलिंडरपाशी खडखड थांबली. मग त्यांनी पहिल्या नि तिसऱ्या नोझलची अदलाबदल केली.

“मास्तर, आवाज नोझलबरोबर हलला तर दोष नोझलचा, तिथेच राहिला तर दुखणे इंजिनाच्या पोटात.”

आवाज पहिल्या सिलिंडरपाशी गेला!

परतताना मागल्या बाकावरचा एक मुलगा आठवला. त्याची जागा एकदाही न बदलता मी त्याला भंगारात काढले होते.