टीका करावी, पण कशी?

माजलगावात फोटोची हौस असलेली आम्ही सात-आठ माणसे आहोत. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी मोंढ्यातला हमाल, तर कोणी कॉलेजात शिकणारा. एकाकडे जुना कॅमेरा आहे, बाकीच्यांकडे मोबाईल. महिन्यातून एका रविवारी विहारात बसून आम्ही एकमेकांचे फोटो पाहतो. सिंदफणेवरचे धरण, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, लग्ने, जयंतीची मिरवणूक, असे ते फोटो असतात.

अशा बैठकीत बहुधा दोनच शब्द ऐकू येतात, "छान" आणि "बेकार". "छान" म्हटल्याने कोणाचे बिघडत नाही, पण सुधारतही नाही. "बेकार" ऐकलेला माणूस पुढच्या वेळी येतच नाही.

एकदा एका होतकरू मुलाने वैशाख पौर्णिमेचा फोटो आणला. विहारासमोर उभ्या महिला, अंगावर पांढरीशुभ्र लुगडी, मागे चुन्याची भिंत आणि डोक्यावर ऊन. चेहरे मात्र काळेठिक्कर आले होते. एकजण हसून म्हणाला, "आपली माणसंच काळी, त्याला कॅमेरा काय करणार?" मुलाने मान खाली घातली. त्याची आईही त्या फोटोत होती.

वाचकहो, याला टीका म्हणत नाहीत. शिवाय ते खरेही नव्हते. पूर्वी स्टुडिओत काम केलेले एक काका आमच्यात आहेत. त्यांनी समजावून सांगितले, "कॅमेरा उजेड मोजतो. समोर पांढरेच पांढरे दिसले की त्याला उजेड फार वाटतो आणि तो सगळाच फोटो अंधारा करतो. दोष मोजमापाचा आहे, कातडीचा नाही. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेव आणि उजेड थोडा वाढव. जमल्यास माणसांना झाडाच्या सावलीत उभं कर." मग म्हणाले, "पण बाळ, एकही बाई अवघडून उभी नाही. हे तुला छान साधलंय."

हा प्रश्न आमच्या मोबाईलपुरता नाही. रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेची कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचे नमुनाकार्ड देई. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरी कातडी बरोबर उतरली की रंग बरोबर! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड कोडॅकने काढले ते १९९० च्या दशकात. म्हणून चेहऱ्याला नाव ठेवण्याआधी माप कोणाचे, हे विचारावे. मुंबईच्या सफाई कामगारांचे सुधारक ओलवे यांनी काढलेले कृष्णधवल फोटो पाहावेत. सावळा चेहरा सावळाच ठेवूनही माणूस ठळक दिसतो. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आता आमची रीत ठरली आहे. काय दाखवायचे होते, ते फोटो काढणाऱ्याने आधी सांगावे. टीका करणाऱ्याने साधलेली गोष्ट प्रथम सांगावी, मग एकच उणीव आणि तिच्यावरचा उपाय. बोलणे फोटोबद्दल असावे. ऐकणाऱ्याने मध्येच सबब सांगू नये, वहीत लिहून घ्यावे. पटले तर करून पाहावे, न पटले तर सोडून द्यावे. फोटोतला माणूस हजर असेल, तर पहिला शब्द त्याचा.

लेकराची चित्रकलेची वही पाहताना किंवा सुनेची भाजी चाखतानाही ही रीत पाळून पाहा. आपल्या माणसांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. हाताला धरून सुधारणा दाखवणारे घरातच तयार झाले पाहिजेत.