आपल्याकडचा गडी

आमचे नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. मोटारी थांबतात त्या टोल भरण्यापुरत्या. गावाचे नाव वाचण्याची सवड कोणाला नसते. अशा गावच्या माणसाचा जीव विदर्भाच्या क्रिकेट संघावर जडावा, हे तसे जुळणारेच. त्या संघाचेही नाव कोणी वाचत नसे.

विदर्भ रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथम उतरला १९५७-५८ साली. माझ्या लहानपणी त्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी, चार ओळींत आटोपलेली असे. आणि त्यांतली एक बहुधा 'डावाने पराभव' ही असे. वडील आधी कापसाचा भाव वाचत, मग ही बातमी. चष्मा काढून म्हणत, "हारले तं हारले. आपलेच हायेत ना!" त्यावर आई म्हणे, "मंग कापसालेई तसंच म्हना."

पुढे स्पर्धेत 'प्लेट' नावाची दुय्यम पंगत निघाली, तेव्हा कित्येक वर्षे आमचे पान तिथेच मांडलेले. आणि अचानक २०१७-१८ चा तो हंगाम आला! उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचे १३३, आणि १ जानेवारी २०१८ रोजी करंडक फैज फजलच्या हातात. साठ वर्षे लागली. तोवर वडील गेले होते. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा तेच. त्या सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारखा फलंदाज दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू शकला. सरवटे आमच्या घरातलाच झाला.

२०२४ साली मुंबईने वानखेडेवर आम्हांला अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवले. ते असो.

सांगायचे आहे ते २०२५ चे. महाशिवरात्रीला जामठ्याच्या मैदानावर केरळाशी अंतिम सामना सुरू झाला. मुलगा पुण्याहून रजा काढून आला होता. इथल्या औद्योगिक वसाहतीत त्याने चार ठिकाणी अर्ज केले होते. शेवटी पुण्याने त्याला उचलले. येताना तो तिकडे घर घ्यायचे ठरवल्याची बातमी घेऊन आला होता, आणि ती माझ्या घशाखाली उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मोबाईल ठेवून आम्ही बसलो होतो. केरळाकडून खेळत होता तो आमचाच सरवटे! त्या हंगामात तो तिकडे गेला होता. बादच होईना. शेजारचे तात्या म्हणाले, "दाना इथचा खाल्ला अन् खेयते तिकळून!"

मी लगेच जोड दिली, "पंख फुटले का घरटं कोनाले पाहिजे, तात्या?"

मुलगा काही बोलला नाही. चपला सरकवून फाट्याकडे चालू लागला. हिने आतून येऊन विचारले, "हे सरवट्याले बोल्ले का पोराले?"

रात्री झोप लागेना. मुंबईचा वसीम जाफर आमच्याकडून खेळला, तेव्हा त्याचे घरटे मी विचारले नव्हते. आदल्याच दिवशी दानिश मालेवारच्या जोडीने ८६ धावा काढणारा करुण नायर मूळचा कर्नाटकाचा. त्याच्या प्रत्येक चौकाराला मी मांडीवर थाप मारली होती.

दुसऱ्या दिवशी सरवटे ७९ वर बाद झाला. तात्यांनी टाळी वाजवली. मुलानेही वाजवली, पण त्याची नजर परतणाऱ्या सरवटेवर होती. मग मीही वाजवली. तात्या माझ्याकडे बघत राहिले.

रविवारी सामना अनिर्णित सुटला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक आमचा. त्या रात्री बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी त्याला विचारले, "त्या घराले खोल्या किती हायेत?"

"दोन. एक तुमची," तो म्हणाला. पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही, गाडी आली.

ऑक्टोबरात मी सोयाबीनच्या शेतात असताना त्याचा फोन आला. इराणी करंडकाचा सामना चालू होता. "बाबा, अकोल्याच्या तायडेनं १४३ काढले!"

"दिवाळीचं तिकीट काढलं का?" मी विचारले.

"वेटिंग हाये. पन येतो."