अक्षरी आणि अंकी

‘समजा’ या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे. मास्तर फळ्याकडे वळून म्हणायचे, “समजा, ती संख्या क्ष आहे,” आणि निम्मा वर्ग मान डोलवायचा. मी उरलेल्या निम्म्यात. जी संख्या खुद्द मास्तरांना ठाऊक नाही ती आम्ही का म्हणून समजायची? पुढे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, त्याचे एक कारण हेच. बँकेत ‘समजा’ चालत नाही. “समजा, माझ्या खात्यात दहा हजार आहेत,” असे म्हणणाऱ्याला कोणताही कॅशियर पैसे मोजून देत नाही.

पण नशिबातला क्ष चुकत नाही. कन्या आठवीत गेली आणि एका रात्री जेवणे झाल्यावर शाब्दिक उदाहरणांची वही घेऊन माझ्यापुढे बसली.

सुरुवात झोकात झाली. ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी.’ मी फाडकन सांगितले, “३क्ष – ४.” ‘एक संख्या व ५ यांच्या बेरजेची दुप्पट.’ इथे कंस हवा, हे मी बजावले: २(क्ष + ५). कंस विसरलात तर दुप्पट नुसत्या क्षची होते आणि ५ बिचारे होते तेवढेच राहतात. “नुसत्या व्याजावर कर आणि मुद्दलासकट सगळ्यावर कर, यात जो फरक तोच हा!” कन्येने कौतुकाने पाहिले. असा आदर घरात वारंवार वाट्याला येत नसल्याने मी चढलो आणि थेट भास्कराचार्यांवर गेलो. बाराव्या शतकात ‘बीजगणित’ लिहिणाऱ्या आचार्यांकडे क्ष नव्हता. अज्ञात संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जेवढी असेल तेवढी. आणखी अज्ञात आले की त्यांना रंगांची नावे देत: काळा, निळा, पिवळा.

“महिनाअखेरीस माझ्या पाकिटात यावत्तावत् रुपये असतात,” मी म्हणालो.

“आणि रंग तुमच्या तोंडाचे असतात,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग ते दहावे उदाहरण आले. ‘एका कारखान्यात मुकादमांच्या सहापट कामगार आहेत. कामगारांची संख्या क व मुकादमांची संख्या म मानून समीकरण लिहा.’ कन्येने लिहिले होते, क = ६म.

“उलटं लिहिलंस,” मी म्हणालो. “सहा कामगारांमागे एक मुकादम. म्हणजे ६क = म.”

“पण बाबा...”

“पण नाही नि बिण नाही. वीस वर्षं आकडेमोड करतोय मी. खोडरबर घे.”

तिने घेतले. खोडले. मी सांगितले ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. दहापैकी नऊ. दहाव्यावर लाल फुली, आणि खोडलेल्या जागी तिचे मूळचे बरोबर उत्तर अजून पुसट दिसत होते. “बाई काय म्हणाल्या?” मी विचारले.

“बरोबर लिहून खोडलंस का, म्हणाल्या.”

“मग?”

“मी म्हटलं, मला तसं वाटलं.”

माझे नाव तिने घेतले नव्हते. घेतले असते तर बरे वाटले असते.

रात्री ती झोपल्यावर मी गुपचूप वही उघडली आणि आकडे घालून पाहिले. समजा (आलीच का पाळी!), मुकादम १०. मग कामगार ६०. माझ्या समीकरणाने मात्र ६० कामगारांवर ३६० मुकादम बसत होते. हे प्रमाण एखाद्या मुख्य कचेरीत शोभेल, कारखान्यात नाही. माझे चुकले कुठे, तेही कळले. ६क लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सहा कामगार उभे होते. पण क म्हणजे कामगार नव्हे, कामगारांची संख्या. कमी कोण, तर मुकादम. म्हणून सहाने गुणायचे ते मुकादमांना, तेव्हा कुठे दोन्ही बाजू जुळतात. पुढे कुठेसे वाचले, की १९८० च्या सुमारास अमेरिकेत इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता आणि एक तृतीयांशाहून जास्त जण चुकले होते. त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच उलटे. सोबत चांगली मिळाली, पण कन्येचा मार्क परत मिळाला नाही.

चेकवरची अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम वेगळी पडली तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे १८ वे कलम सांगते, की अक्षरी खरी. प्रत्यक्षात आम्ही असा चेक शेरा मारून परत पाठवतो, हा भाग निराळा. पण कलम मला पाठ आहे. शब्द आधी, आकडा मागून. वीस वर्षे हे लोकांना सुनावणाऱ्या मी मुलीच्या उदाहरणातले शब्द नीट वाचले नाहीत, आणि तिचे शब्द तर ‘पण बाबा’च्या पुढे जाऊच दिले नाहीत.

बँकेत खाडाखोड केली की तिथे करणाऱ्याची सही लागते. मी पेन काढले आणि त्या पुसट उत्तराशेजारी लिहिले: ‘वरील खाडाखोड वडिलांनी करविली. चुका १. अक्षरी: एक फक्त.’ खाली पूर्ण सही ठोकली.

सकाळी कन्येने ते वाचले, आईला दाखवले, आणि वही दप्तरात ठेवताना म्हणाली, “बाबा, आज रात्री पुढची दहा आहेत. बसाल ना?”

“बसतो की.”

“आणि समजा, परत चुकलं तर?”

‘समजा’ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदाच गोड लागला. म्हटले, “तर खोडरबर तुझ्या हातात.”